मान नरम, तळ कडक : काडतुसाच्या पुंगळीविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात पितळी भांड्यांचा ताव आणि मठारकाम यांविषयी लिहिताना, सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त या मिश्रणाला धातुकामात ‘काडतुसाचे पितळ’ म्हणतात, असा एका ओळीचा उल्लेख आला होता. त्या ओळीवरून सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून इतकी पत्रे आली, की या वेळचे सदर त्याच विषयाला द्यायचे ठरवले. अपशिंग्यासारखे गाव, ज्याच्या नावालाच ‘मिलिटरी’ हा शब्द जोडला गेला आहे, ज्या जिल्ह्यात आहे तिथे माळ्यावरच्या ट्रंकेत एखादी रिकामी पुंगळी (काडतुसाचे पितळी आवरण; त्याची वरची अरुंद ‘मान’ गोळी धरून ठेवते) सापडावी, यात नवल नाही. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत पितळी पत्र्यापासून वाट्या आणि टोपणे ओढणाऱ्या प्रेसखात्यात माझी नोकरी झाली, त्यामुळे पुंगळीकडे मी प्रथम ओढकामाचा एक अवघड नमुना म्हणून पाहतो, आणि उत्तरेही त्याच नजरेने दिली आहेत.

प्रश्न : माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धात सैन्यात होते. त्यांच्या पेटीत .३०३ रायफलीच्या पाच रिकाम्या पुंगळ्या आहेत. आमचे मामा म्हणतात की, ‘.३१५ च्या रायफलीलाही हीच पुंगळी चालते, फक्त मान जराशी रुंद केली की झाले.’ एका मापाच्या काडतुसाची पुंगळी अशी दुसऱ्या मापाची करता येते का? — एक वाचक, कोरेगाव, जि. सातारा

करता येते, आणि जगात अनेक ठिकाणी परवानाधारक नेमबाज ते करतातही. मात्र आपल्या मामांनी दिलेले उदाहरण नेमके चुकीचे आहे, आणि ते का चुकते हे समजले की सगळा विषयच उलगडतो.

.३०३ आणि .३१५ हे आकडे इंचाचे अपूर्णांक आहेत, आणि दोहोंतला फरक जेमतेम तीन दशांश मिलिमीटर दिसतो, म्हणून पुंगळ्याही जवळपास सारख्या असतील असे वाटते. परंतु हे आकडे नळीच्या किंवा गोळीच्या व्यासावरून पडलेली नावे आहेत, आणि तीही काटेकोर नाहीत. .३०३ हे नाव नळीच्या आतल्या उंचवट्यांमधल्या अंतरावरून आले. त्या नळीतून जाणारी गोळी प्रत्यक्षात ७.९ मिलिमीटरची असते. पुंगळीचे अंग केवढे आहे, याचा या नावांशी काहीच संबंध नाही. .३०३ ची पुंगळी तळाजवळ सुमारे ११.७ मिलिमीटर जाड आणि ५६ मिलिमीटर लांब असते. आपल्याकडे .३१५ म्हणून ओळखले जाणारे काडतूस मुळात ऑस्ट्रियाच्या मान्लिकर रायफलीचे, म्हणजे आठ मिलिमीटर गोळीचे आणि पन्नास मिलिमीटर पुंगळीचे आहे, आणि त्याचा तळाजवळचा व्यास साडेबारा मिलिमीटरच्या आसपास भरतो. म्हणजे .३०३ ची पुंगळी कापून आखूड केली आणि तिची मान रुंदही केली, तरी .३१५ च्या चेंबरमध्ये, म्हणजे रायफलीत काडतूस बसते त्या पोकळीत, ती चारी बाजूंनी सैल राहणार. बार उडताना आत वातावरणाच्या दाबाच्या तीन हजार पटींहून अधिक दाब क्षणभर निर्माण होतो. पितळ त्या दाबाने चेंबरच्या भिंतीला जाऊन टेकते आणि खरा भार पोलाद पेलते. पण टेकण्याआधी पितळाला किती ताणावे लागते, यावर सगळे अवलंबून आहे. तळाजवळ पाऊण मिलिमीटरचा ताण म्हणजे पुंगळी फाटण्याला आमंत्रण आहे, आणि फाटल्यावर तो तप्त वायू बोल्टच्या (चेंबर मागून बंद करणाऱ्या दट्ट्याच्या) बाजूने, म्हणजे थेट नेम धरणाऱ्याच्या चेहऱ्याकडे येतो.

म्हणून पुंगळ्यांची सोयरीक जुळवताना आधी तळ पाहतात, मान नंतर. तळाचा आणि तळाभोवतीच्या कडेचा व्यास, कडेची ठेवण आणि अंगाची उतरंड जुळली, तर त्या दोन पुंगळ्या एका कुळातल्या समजायच्या. जर्मनीचे ८ × ५७ माउझर आणि अमेरिकेचे १९०६ सालचे .३०-०६ ही दोन्ही काडतुसे तळाशी १२ मिलिमीटरची आहेत. त्यामुळे त्रेसष्ट मिलिमीटर लांबीच्या अमेरिकन पुंगळीचा खांदा (मानेखाली जिथे अंग रुंदावते तो भाग) डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यात, दाबून मागे सारता येतो, वरची लांबी कापून सत्तावन्नवर आणता येते, आणि मान आठ मिलिमीटरच्या गोळीसाठी उघडता येते. त्याच .३०-०६ ची मान आवळून १९२५ मध्ये .२७० विंचेस्टर आले. १९५२ च्या .३०८ विंचेस्टरची मान आवळून १९५५ मध्ये .२४३ आले. कारखान्यांनीच नवी काडतुसे अशी जुन्यांच्या अंगावर घडवली, ही गोष्ट या कामाचा पाया समजून घ्यायला पुरेशी आहे.

आता यातला जो भाग डोळ्यांना दिसत नाही, त्याबद्दल मला जरा सविस्तर लिहायचे आहे, कारण पत्रांमध्ये ‘चेंबरमध्ये बसली म्हणजे झाली’ असा सूर पुष्कळ ठिकाणी आढळला. पुंगळीची भिंत सगळीकडे सारख्या जाडीची नसते. तोंडाशी ती अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ असते, खाली येईल तशी जाड होत जाते, आणि तळाशी तर काही मिलिमीटरचा भरीव गठ्ठाच असतो. लांब पुंगळी आखूड करताना जिथे पूर्वी खांदा किंवा अंग होते तिथे आता मान येते. म्हणजे जाड भिंतीचा भाग मानेच्या जागी जातो. बाहेरचे माप डायने बिनचूक आणून दिले तरी भिंत जाड राहिली असेल, तर गोळी बसवल्यावर मान बाहेरून फुगते आणि चेंबरच्या भिंतीला घट्ट टेकून बसते. बार उडताना मानेने किंचित फाकून गोळीला मोकळे सोडायचे असते. फाकायला जागाच उरली नाही तर गोळी अडखळते आणि दाब कल्पनेपलीकडे चढतो. ५.५६ × ४५ या लष्करी पुंगळीपासून पस्तीस मिलिमीटरची .३०० ब्लॅकआउट करतात, तेव्हा नवी मान पूर्णपणे जुन्या अंगातून घडते. तिथे एका कारखान्याची पुंगळी चालते आणि दुसऱ्या कारखान्याची, वरून हुबेहूब तीच दिसणारी, भिंत जाड असल्यामुळे चालत नाही. म्हणून मानेची जाडी मायक्रोमीटरने पाहावी लागते, आणि जास्त भरल्यास आतून रीमरने किंवा बाहेरून लेथवर उतरवावी लागते.

दुसरी न दिसणारी गोष्ट म्हणजे पोकळी. पुंगळी जाड भिंतीची असेल, तर आतली जागा तेवढी कमी असते, आणि तीच दारू कमी जागेत जळाली की दाब वाढतो. तिसरी गोष्ट टेकण्याची. .३०३ सारखी कडेची पुंगळी तिच्या बाहेर आलेल्या कडेवर टेकून चेंबरमध्ये उभी राहते, तर .३०-०६ किंवा .३०८ सारखी बिनकडेची पुंगळी खांद्यावर टेकते. बिनकडेच्या पुंगळीचा खांदा प्रमाणाबाहेर मागे सारला गेला, तर तिच्या तळामागे पोकळी राहते, आणि बार उडताना पुंगळी मागे ताणली जाऊन तळाच्या जरा वर भिंत पातळ होते. बाहेरून तिथे एक चकचकीत कडे उमटते. ते कडे दिसले, की ती पुंगळी पुन्हा वापरायची नाही, कारण पुढच्या वेळी ती बहुधा तिथूनच तुटते.

प्रश्न : मी तंत्रनिकेतनात यंत्र अभियांत्रिकी शिकते. पुंगळीची मान बदलताना ती तापवतात, पण तळाला उष्णता लागू देत नाहीत, असे वाचले. एकाच धातूच्या एकाच तुकड्यासाठी असे दोन नियम का? — एक विद्यार्थिनी, कराड

आपला प्रश्न या सगळ्या विषयाच्या गाभ्याचा आहे. भांडी घडवणारा तांबट घडा ठोकतो तेव्हा पत्रा हळूहळू ‘ताठतो’; मग तो घडा भट्टीत घालून ताव देतो, आणि धातू पुन्हा नरम झाला की पुढचे ठोके घालतो. ताव न देता ठोकत राहिला तर काठ तडकतो. धातूचे कण ज्या ओळींवरून सरकतात त्या ओळी ठोक्यांनी एकमेकींत गुंतत जातात, सरकणे अवघड होते, म्हणून धातू कडक होतो. ताव दिला की त्या गुंत्यातून नवे, ताणरहित कण जन्माला येतात. पितळासाठी हा पालट काही शे अंश सेल्सियसवर घडतो. तो किती लवकर आणि किती पूर्ण घडेल, हे तापमान, वेळ आणि आधी किती ठोकले गेले आहे यांवर ठरते.

पुंगळीचा जन्मही याच ठोक-तावाच्या फेऱ्यांतून होतो. पत्र्यातून चकती कापायची, तिची वाटी ओढायची, ती वाटी तीन-चार वेळा अधिकाधिक लांब ओढायची, दर दोन ओढींमध्ये ताव द्यायचा. मग शेवटी तळावर प्रचंड दाबाचा ठोका मारून त्यात टोपीची (दारूला पेट देणाऱ्या छोट्या वाटीची) खाच आणि कारखान्याचा शिक्का उमटवायचा, आणि हा ठोका बसल्यावर तळाला मात्र कधीही ताव द्यायचा नाही. तळ कडक राहिला पाहिजे, कारण तिथे पितळाला पोलादाचा सगळीकडून आधार मिळत नाही. बोल्ट आणि चेंबर यांच्या सांध्यावर पितळ एकटेच दाब पेलते. मान मात्र नरम हवी, कारण तिला फाकायचे असते, आवळायचे असते आणि पुन्हा फाकायचे असते. पुष्कळ लष्करी पुंगळ्यांच्या मानेवर आणि खांद्यावर निळसर-तपकिरी छटा दिसते, ती शेवटच्या तावाची खूण आहे, आणि तो ताव दिल्याचे कळावे म्हणून ती पॉलिश करून घालवत नाहीत.

मी एकदा पुंगळी लांबीत उभी कापून तिचा एक अर्धा भाग एमरीवर घासला, चकचकीत केला, आणि फेरिक क्लोराइडच्या द्रावणात थोडा वेळ धरून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. मानेच्या भागात कण गोलसर, एकमेकांना खेटून बसलेले, आणि पुष्कळ कणांच्या पोटातून सरळ समांतर पट्टे गेलेले दिसत होते. ताव मिळालेल्या पितळाची ती ओळखच आहे. काच तळाकडे सरकवत नेली तसे कण चेपत गेले, लांबट झाले, आणि भरीव गठ्ठ्यात तर ते इतके मुरडले होते की एकाची कड कुठे संपते आणि दुसऱ्याची कुठे सुरू होते, हे सांगता येत नव्हते. तो एवढासा तुकडा, पण त्याच्या दोन टोकांना दोन वेगवेगळे धातू असल्यासारखे होते, आणि ते तसे असणे हाच कारागिरीचा कस आहे. पुंगळीचे माप बदलणाऱ्याने मान आवळली, की ती पुन्हा ताठते, आणि तिला ताव दिला नाही तर काही वापरांत तिला उभी चीर पडते. पण तो ताव देताना उष्णता तळापर्यंत पोहोचली, तर नरम पडलेला तळ पुन्हा कडक करण्याचा कोणताही घरगुती उपाय नाही. पितळ पोलादासारखे पाणी देऊन कडक होत नाही. लाल तापवून पाण्यात बुडवले की कडक झाले, असे समजणारे पुष्कळ भेटतात. पितळ तसे केल्याने नरमच राहते. त्याला कडकपणा फक्त ठोक्यांनी आणि ओढण्याने येतो.

प्रश्न : आमचे घराणे गलाईच्या धंद्यातले आहे. जुन्या पुंगळ्या वितळवून हव्या त्या मापाच्या नव्या ओतता येणार नाहीत का? — एक वाचक, विटा, जि. सांगली

मुशीची आणि भट्टीची माहिती असलेल्या घराण्यातून हा प्रश्न येणे स्वाभाविक आहे. उत्तर मात्र नाही असे आहे. सोने गाळताना जे साधते ते पितळाच्या बाबतीत दोन कारणांनी साधत नाही. पहिले म्हणजे जस्त ९०७ अंशांवर उकळते, आणि हे पितळ वितळते त्याहून किंचित वर. त्यामुळे वितळवताना जस्ताचा पांढरा धूर निघत राहतो, मिश्रणाचे प्रमाण बिघडते, आणि तो धूर छातीत गेला तर रात्री थंडी वाजून ताप भरतो. हे आपल्याकडच्या जुन्या मंडळींनी अनुभवलेले असेल. दुसरे कारण अधिक मूलभूत आहे. ओतीव पितळात कण मोठे आणि मधे सूक्ष्म पोकळ्या असतात, आणि वर सांगितलेला ठोक-तावाचा सगळा इतिहास त्यात नसतो. ओतीव घंटा उत्तम वाजेल, समई उत्तम उभी राहील, परंतु ओतीव पुंगळी त्या दाबापुढे टिकणार नाही. मोठे कारखाने वापरलेले पितळ पुन्हा गाळतात, ते त्याची लादी करून, लाटून, पत्रा करून, पुन्हा चकतीपासून सुरुवात करण्यासाठी.

प्रश्न : वडिलांच्या सैनिकी दिवसांची आठवण म्हणून एक पुंगळी आम्ही डब्यात जपून ठेवली होती. कोणी हातही लावला नाही, तरी तिच्या मानेला उभी चीर पडली. असे कसे झाले? — एक वाचक, मिरज

आपल्या पुंगळीला जे झाले, त्याचा शोध लागण्याचे कारण आपलाच देश आहे. ब्रिटिश सैन्याने हिंदुस्थानात साठवलेल्या काडतुसांना पावसाळ्यात मानेजवळ अशाच चिरा पडत असत. ऋतूबरोबर येणारी म्हणून इंग्रजीत या तड्यांना ऋतूचेच नाव पडले, आणि कारण मात्र बराच काळ उमगले नाही. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी ते उलगडले : पावसाळ्यात दारूगोळा घोड्यांच्या पागांमध्ये ठेवला जाई, घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया दमट हवेत पितळावर काम करी, आणि जिथे मान आवळताना धातूत ताण कोंडून राहिला होता नेमकी तिथेच चीर पडे. ताण, अमोनिया आणि ओल या तिन्ही गोष्टी एकत्र याव्या लागतात; ताण तावाने काढून टाकला की बाकीच्या दोघांचे फारसे काही चालत नाही.

हे मी पुस्तकात वाचले होते, पण शिकलो ते नुकसान होऊन. आमच्या खात्यात ओढलेल्या पितळी टोपणांचा एक मोठा साठा जून महिन्यात जागेअभावी जवळच्या भाड्याच्या शेडमध्ये हलवला गेला. त्या शेडला लागून कोंबड्यांचे घर होते, आणि शेवटचा ताव ‘माल साधाच आहे’ म्हणून वाचवला गेला होता. तो वाचवण्याच्या कागदावर माझीही सही होती. ऑगस्टअखेर पोती उघडली तेव्हा टोपणे वरून तशीच पिवळीधमक दिसत होती, पण हातात घेऊन बोटाने दाबले की काठावरून खाली केसासारखी चीर उघडे. एकेक टोपण कानाशी धरून टिचकी मारली, तर चांगले वाजे आणि चिरलेले बद्द आवाज करी. सगळा साठा मोडीत गेला. त्यानंतर अडीचशे ते तीनशे अंशांवर तासभर ठेवण्याचा ताव आम्ही कधीही चुकवला नाही. या तावाने धातू नरम पडत नाही, फक्त कोंडलेला ताण निघून जातो.

आपली पुंगळी ज्या डब्यात होती तो गोठ्याजवळच्या खोलीत, खताच्या पोत्यांशेजारी किंवा कोंबड्यांच्या खुराड्यालगत होता का, हे एकदा आठवून पाहावे. अमोनिया असलेल्या पॉलिशने पुसले असेल, तर तेही कारण पुरेसे आहे. पडलेली चीर भरून येणार नाही, पण जागा बदलली तर वाढणार नाही.

प्रश्न : वरील सर्व काम एखाद्याने घरच्या लेथवर केले, तर कायद्याने चालते का? आणि रिकामी पुंगळी आठवण म्हणून जवळ ठेवणे हाही गुन्हा आहे का? — एक वाचक, सातारा शहर

शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये दारूगोळ्याची जी व्याख्या आहे तिच्यात काडतुसाचे भाग आणि काडतूस तयार करण्याची यंत्रेही येतात, आणि कलम ५ प्रमाणे त्यांच्या निर्मितीला स्वतंत्र परवाना लागतो. बंदुकीचा परवाना म्हणजे काडतूस घडवण्याचा परवाना नव्हे. त्यामुळे घरच्या लेथवर पुंगळी दुसऱ्या मापाची करून ती भरणे हा आपल्याकडे गंभीर गुन्हा आहे, आणि वर वर्णन केलेली कामे जिथे कायद्याने मोकळीक आहे अशा देशांतली समजावीत.

आठवणीची पुंगळी वेगळी. त्याच अधिनियमाच्या कलम ४५ मध्ये, जुळणाऱ्या इतर भागांसह वापरण्याचा हेतू नसलेल्या किरकोळ भागांना सूट दिलेली आहे. तरीही एक पाहणी प्रत्येकाने करावी : तळाच्या मधोमध जी टोपी असते तिच्यावर पिनेचा खोल ठसा असेल, तर ती बहुधा उडालेली आहे. ठसा नसेल, तर टोपी जिवंत असू शकते. ती ठोकू नये, तापवू नये, आणि जवळच्या पोलीस ठाण्यात कळवून सोपवावी.

कोरेगावच्या वाचकांनी आपल्या पुंगळ्यांच्या तळावरची अक्षरे भिंगातून पाहावीत. ‘के’ आणि ‘एफ’ ही अक्षरे दिसली, तर त्या १८६९ मध्ये स्थापन झालेल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातल्या आहेत, आणि शेजारचे दोन आकडे बहुधा वर्षाचे असतील. त्या कापू नयेत, मान रुंद करू नये, चिंचेनेही घासू नयेत, कारण आंबट रसाने पृष्ठावरचे जस्त निघून पितळ तांबूस होते आणि अक्षरांच्या कडा झिजतात. कोरड्या सुती फडक्याने पुसून, कागदात गुंडाळून, गोठ्यापासून आणि खतापासून दूरच्या कपाटात ठेवाव्यात.